भूमिका करणं, भूमिका घेणं



आपल्या मराठीत एक गंमत आहे. नट भूमिका करतो आणि कार्यकर्ता भूमिका घेतो. शब्द एकच, क्रियापद बदललं की माणूस बदलतो. करणारा तोंडाला रंग लावतो, दुसऱ्यानं लिहिलेलं बोलतो, पडदा पडला की रंग पुसतो, पाकीट घेतो, घरी जातो. घेणाऱ्याला रंग पुसायची सोय नाही. घरी, गल्लीत, कामावर, पोलीस चौकीत त्याला तेच तोंड घेऊन फिरावं लागतं.

आपण सगळे स्वतःला घेणाऱ्यांत धरतो. मीही धरत होतो. पण गेल्या वर्षभरात असं काही झालं की मला माझीच शंका यायला लागली. भूमिका घेतो घेतो म्हणत आपण नुसती करत तर नाही ना? वाक्यं कुणीतरी आधीच लिहून ठेवलीत आणि आपण माईक धरून तीच म्हणतोय, असं तर नाही ना? काय झालं ते पुढं सांगतो. आधी एका माणसाबद्दल सांगायचंय. तो या प्रश्नाशी जन्मभर झुंजला. अर्धा जिंकला, अर्धा हरला, असं माझं मत. त्याचं नाव पॉल रोबसन. नट, गायक, आणि काळ्यांच्या लढ्यातला बिनीचा माणूस.

मी काही विद्वान नाही. सूतगिरणीत रिंगखात्यात पाळीवर जातो. इंग्रजी वाचतो ते डिक्शनरी मांडीवर घेऊन. माझं चुकलं तर कान धरा. पण प्रश्न टाळू नका.

*

रोबसन ९ एप्रिल १८९८ रोजी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात प्रिन्स्टन गावी जन्मला. बाप गुलाम म्हणून जन्मलेला. पंधराव्या वर्षी नॉर्थ कॅरोलायनातल्या मालकाच्या मळ्यावरून पळाला, पुढं शिकून पाद्री झाला. आई शाळामास्तरीण. पॉल सहा वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा शेगडीतला निखारा कपड्यांवर पडून ती भाजून मेली.

१९१५ साली स्कॉलरशिप मिळवून पोरगा रटगर्स कॉलेजात गेला. तेव्हा अख्ख्या कॉलेजात तो एकटा काळा. फुटबॉल खेळायला उतरला तर पहिल्याच सरावात त्याच्याच टीमच्या गोऱ्या पोरांनी त्याचं नाक फोडलं. एकानं खिळ्यांचा बूट त्याच्या पंजावर दाबून नखं उचकटली. हा पुन्हा मैदानात उतरला. १९१७ आणि १९१८ साली देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंत त्याचं नाव आलं. १९१९ साली पदवीदानाला साऱ्या वर्गाच्या वतीनं भाषण त्यानंच केलं.

मग कोलंबिया विद्यापीठ. हो, आपल्या बाबासाहेबांचं कोलंबिया. बाबासाहेब १९१३ ते १९१६ तिथं होते. रोबसन नंतर आला आणि १९२३ साली वकील होऊन बाहेर पडला. एका गोऱ्यांच्या वकिली ऑफिसात त्याला जागा मिळाली. तिथल्या गोऱ्या टायपिस्ट बाईनं काळ्या माणसाच्या तोंडून डिक्टेशन घ्यायला नकार दिला. रोबसननं ती नोकरी सोडली. वकिलीच सोडली.

हे आपल्या माणसाला समजावून सांगायला नको. मुंबईच्या गिरण्यांत साळखात्यात आपल्या लोकांना घेत नव्हते. का? तर कांडीचं सूत तोंडानं ओढून धोट्यात ओवावं लागतं, आणि आपल्या तोंडाचं सूत दुसऱ्याला चालत नाही. माझा आज्जा हे सांगताना हसायचा. ते हसू मला अजून कळलेलं नाही. तिथं काळ्या तोंडचा शब्द बाटगा, इथं आमच्या तोंडचं सूत बाटगं. साळखात्यात पगार जास्त आणि वकिलीत पैसा जास्त, ही गोष्ट मात्र दोन्हीकडं सारखी. विटाळ नेमका तिथंच लागतो जिथं दोन पैसे जास्त मिळतात.

*

वकिली सुटली, नाटक सुरू झालं. १९२४ साली यूजीन ओनीलच्या नाटकांत त्यानं कामं केली. १९२५ साली काळ्या गुलामांची गाणी घेऊन तो एकटा मैफिलीला उभा राहिला. आवाज असा की खाणीच्या तळातून यावा. १९३० साली लंडनमध्ये ऑथेल्लो केला. सिनेमेही मिळायला लागले.

आणि इथं पहिला फास बसला. १९३५ चा 'सँडर्स ऑफ द रिव्हर'. ब्रिटिशांच्या राज्यातलं आफ्रिका. गोरा साहेब सँडर्स म्हणजे शिस्त, न्याय, मायबाप. काळे म्हणजे पोरकट, भांडकुदळ, साहेबानं पाठ फिरवली की एकमेकांचे गळे कापणारे. आणि रोबसन म्हणजे बोसांबो, साहेबाचा इमानी सरदार. उघडं अंग, अंगावर कातडं, तोंडात साहेबाची स्तुती.

रोबसन हे करायला राजी का झाला? पैशासाठी म्हणाल तर अर्धं खरं. त्या दिवसांत तो लंडनमध्ये आफ्रिकी भाषा शिकत होता. आपल्या पूर्वजांची संस्कृती जगाला अभिमानानं दाखवायची त्याला खरी ओढ होती. आफ्रिकेत जाऊन खऱ्या नाचगाण्यांचं चित्रण झालंय, म्हणून त्याला वाटलं हा सिनेमा आपला. पुढं त्याचं म्हणणं असं की साम्राज्याचं कौतुक करणारे तुकडे शेवटी शेवटी घातले गेले. असेलही. त्याच सिनेमात गर्दीतल्या किरकोळ कामाला एक माणूस होता, जोमो केन्याटा. तोच पुढं स्वतंत्र केनियाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. बघा, ज्याला आपलं राज्य चालवायचं होतं तोही साहेबाच्या राज्याची आरती गाणाऱ्या सिनेमात उभा!

मी हा सिनेमा पाहिला. राग आला. मग रागावर विचार केला.

गर्दीतल्या माणसाला मी माफ करतो. त्याला रोजंदारी पाहिजे. आपल्यातले कितीजण साहेबाच्या घरी सत्यनारायणाला खुर्च्या मांडतात, म्हणून काय ते सत्यनारायणाचे झाले? पोट माणसाला नको तिथं उभं करतं. पण रोबसन गर्दीतला नव्हता. पोस्टरवर त्याचं नाव होतं. ज्याच्या नावावर तिकीट खपतं, त्याच्या नावावर खोटंही खपतं. म्हणून माझा पहिला हिशोब असा: माणसाची जबाबदारी त्याच्या भुकेच्या उलट्या मापानं मोजावी. भूक जेवढी जास्त तेवढा दोष कमी. भूक भागल्यावर मात्र "काय करणार, भूमिका होती" हे म्हणायचा हक्क संपतो.

तेव्हा त्याच्याच लोकांनी त्याला सोडलं नाही. काळ्यांचा मोठा पुढारी मार्कस गार्वी यानं आपल्या मासिकात त्याच्यावर जाहीर कोरडे ओढले. रोबसननं पुढं सांगून टाकलं की हा सिनेमा माझा नाही. तो एका रात्रीत सुधारला नाही, नंतरही एकदोन तसलीच कामं केली. पण १९३६ च्या 'साँग ऑफ फ्रीडम'च्या वेळी त्यानं अट घातली की सिनेमाची शेवटची कापाकापी माझ्या संमतीशिवाय होणार नाही. त्या काळात काळ्या नटानं अशी अट घालणं म्हणजे बदलीवाल्यानं जॉबरला रजा मंजूर करण्यासारखं! त्याला कळलं होतं की सिनेमात नटाचं तोंड असतं पण कात्री दुसऱ्याच्या हातात असते. तुम्ही जिवंत बोला, ते मेलेलं जोडतील.

१९४० साली त्यानं 'द प्राउड व्हॅली' केला. वेल्समधले कोळसा खाणकामगार, आणि त्यांच्यात येऊन पडलेला एक काळा खलाशी. त्याच्या काळेपणावर कुणी नाक मुरडतं तेव्हा त्याचा गोरा साथीदार सांगतो की खाणीत उतरल्यावर आपण सगळेच काळे असतो. मला हे ऐकून रिंगखाता आठवला. तिथं कापसाची पुंजी उडते आणि पाळी सुटताना सगळेच पांढरे दिसतात, बामण असो की मांग. पण नळावर अंग धुतलं की ज्याची त्याची जात परत येते. सिनेमाच्या शेवटी अडकलेल्या साथीदारांची वाट मोकळी व्हावी म्हणून रोबसन स्फोट घडवतो आणि स्वतः मरतो. चांगला सिनेमा आहे. रोबसनला स्वतःला तो आवडायचा. तरी मी विचारतो, एकजुटीसाठी दरवेळी काळ्यानंच का मरायचं?

१९४२ साली हॉलिवुडच्या 'टेल्स ऑफ मॅनहॅटन'मध्ये त्यानं मळ्यावरच्या गरीब काळ्या शेतकऱ्याचं काम केलं. सिनेमा बघितला तर पुन्हा तेच. भोळसट, देवभोळे, हात जोडून आभाळाकडं बघणारे काळे. तेव्हा त्यानं हॉलिवुडला राम राम ठोकला. वय चव्वेचाळीस. नाव, पैसा, सगळं हातात असताना. नंतर १९४३ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ऑथेल्लो केला. २९६ प्रयोग झाले, आणि तिथं शेक्सपिअरचं कुठलंच नाटक सलग एवढं चाललेलं नव्हतं. जिथं काळ्यांना वेगळं बसवतात त्या थेटरात दौऱ्यावर प्रयोग करणार नाही, ही त्याची अट.

आणखी एक सांगण्यासारखं. एका गोऱ्या माणसानं नाटकासाठी लिहिलेलं, नदीवरच्या काळ्या हमालाचं एक गाणं रोबसनच्या नावाशी कायमचं जोडलं गेलं. मूळ गाण्यातला हमाल थकलेला, हरलेला. रोबसननं मैफिलीत ते गाताना शब्द बदलायला सुरुवात केली. थकलेल्या हमालाचा त्यानं लढणारा हमाल केला. चाल तीच, सूर तोच. ही मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. दुसऱ्यानं लिहिलेली भूमिका करता करता त्यानं ती घेतली.

१९३७ साली लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये स्पेनच्या पोरांसाठी सभा होती. तिथं त्यानं सांगितलं की कलावंताला बाजू घ्यावीच लागते, स्वातंत्र्याची नाहीतर गुलामीची, मी माझी निवडलीय. १९३८ च्या जानेवारीत तो लढाई चालू असलेल्या स्पेनमध्ये जाऊन सैनिकांसाठी गायला.

*

आता किंमत.

१९४६ साली काळ्यांना झाडाला लटकावून मारण्याविरुद्ध कायदा करा म्हणून तो राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना जाऊन भेटला. ट्रुमन म्हणाले, वेळ आलेली नाही. आपल्याला हे वाक्य पाठ आहे. १९४९ च्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेत तो बोलला. वार्ताहरांनी त्याच्या भाषणाचा विपर्यास करून छापलं की काळे लोक रशियाविरुद्ध लढणार नाहीत. देशद्रोही, देशद्रोही अशी हाकाटी झाली. काळ्यांचा लाडका बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन याला सरकारी समितीपुढं आणून त्याच्याविरुद्ध बोलायला लावलं. आयुष्याच्या शेवटी रॉबिन्सननं रोबसनबद्दल आदर बोलून दाखवला, पण बाण सुटून गेलेला. पीकस्किल गावी त्याच्या गाण्याच्या सभेवर गोऱ्या झुंडी चालून आल्या. ४ सप्टेंबरला सभा झाली, पण परतणाऱ्या गाड्यांवर दगडांचा पाऊस पडला आणि पोलीस बघत उभे राहिले.

१९५० साली पासपोर्ट काढून घेतला. थेटरं बंद, रेकॉर्ड बंद, रेडिओ बंद. वर्षाला लाखभर डॉलर कमावणाऱ्या माणसाची कमाई काही हजारांवर आली. पासपोर्ट का देत नाही याची जी कारणं सरकारनं कोर्टात मांडली त्यातलं एक नीट वाचा: हा माणूस परदेशात जाऊन अमेरिकेतल्या काळ्यांच्या हालांबद्दल बोलतो. म्हंजे घरातलं भांडण बाहेर नेतो. एवढाच गुन्हा.

हे लक्षात ठेवा. घरातलं घरात ठेवा. पुढं लागणार आहे.

तो गप्प बसला नाही. १९५२ साली कॅनडाच्या हद्दीवर अमेरिकेच्या बाजूला ट्रकवर उभा राहून गायला, आणि हद्दीच्या पलीकडं हजारो माणसं ऐकायला जमली. १९५७ साली वेल्सच्या खाणकामगारांनी बोलावलं, जाता येईना, तर समुद्राखालच्या टेलिफोनच्या तारेतून गायला. पाच हजार माणसांनी पोर्थकॉलच्या सभागृहात तो आवाज ऐकला. आवाजाला पासपोर्ट लागत नाही. १९५१ साली काळ्यांच्या कत्तलींचा अर्ज घेऊन न्यूयॉर्कात संयुक्त राष्ट्रांच्या दारात जाणाऱ्यांत तो होता. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या काळ्यांचे नेते डु बॉईस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडच्या तसल्याच एका अर्जाची प्रत मागितली होती. डु बॉईस आणि रोबसन जवळचे साथीदार. धागा लांबचा आहे, पण आहे.

१२ जून १९५६. सरकारी समितीपुढं चौकशी. रशिया एवढा आवडतो तर तिकडंच का राहिला नाहीस, असं विचारलं. त्यानं सांगितलं, माझा बाप गुलाम होता, माझ्या लोकांनी मरून हा देश उभारला, मी इथंच राहणार आणि माझा वाटा घेणार. हे वाचून मी एकटाच उठून उभा राहिलो होतो.

१९५८ साली सुप्रीम कोर्टाच्या निकालानं त्याला पासपोर्ट परत मिळाला. त्याच वर्षी त्याची साठी आपल्या देशातही साजरी झाली. कमिटीचे प्रमुख मुंबई हायकोर्टाचे तेव्हाचे सरन्यायाधीश एम. सी. छागला, पाठिंबा पंतप्रधान नेहरूंचा. हे होऊ नये म्हणून अमेरिकेनं खटपट केली, चालली नाही.

इथं लेख संपवला असता तर तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. पण इथं संपवला तर मीही बोसांबोच.

*

१९४९ च्या जूनमध्ये रोबसन मॉस्कोला गेला. तिथं त्याचे ज्यू मित्र होते. नट सॉलोमन मिखोएल्स आणि कवी इत्सिक फेफर. १९४३ साली दोघं अमेरिकेत आले होते तेव्हाची दोस्ती. आता मिखोएल्स नव्हता. १९४८ च्या जानेवारीत स्टालिनच्या माणसांनी त्याला मारून अपघात दाखवला होता. रोबसननं फेफरला भेटायचा हट्ट धरला. फेफर तेव्हा तुरुंगात. त्याला चांगले कपडे घालून हॉटेलच्या खोलीवर आणलं. खोलीत चोरून ऐकायची यंत्रं. म्हणून तोंडानं इकडचं तिकडचं बोलत फेफरनं हातांच्या खुणांनी सांगितलं की मिखोएल्सला मारलं, माझीही धडगत नाही. ही हकीकत रोबसनच्या मुलानं बापाच्या मृत्यूनंतर जाहीर केली.

रोबसननं काय केलं? मॉस्कोच्या मैफिलीत शेवटी उभा राहून मिखोएल्स आणि फेफर या दोघांचं नाव घेतलं, आणि वॉर्सातल्या ज्यूंच्या बंडाचं गाणं त्यांच्याच यिडिश भाषेत गायला. स्टालिनच्या राजधानीत! याला छाती लागते.

मग तो न्यूयॉर्कला परतला. रशियात ज्यूंचा छळ होतोय का, असं विचारलं. त्यानं सांगितलं, मी कितीतरी ज्यू लोकांना भेटलो, तसलं काही माझ्या कानावर आलं नाही.

१२ ऑगस्ट १९५२ रोजी फेफरला गोळी घातली. १९५३ साली स्टालिन मेला तेव्हा रोबसननं भरल्या गळ्यानं मृत्युलेख लिहिला. १९५६ साली समितीनं स्टालिनच्या छळछावण्यांबद्दल विचारलं तेव्हा म्हणाला, तो प्रश्न सोव्हिएत लोकांचा, तुमच्याशी मी त्याची चर्चा करणार नाही.

घरातलं घरात.

*

आता माझं सांगतो.

आमच्या वस्तीत संघटनेचा एक कार्यकर्ता आहे. नाव लिहीत नाही. मोर्चात पुढं, भाषणात आग. माझी पहिली कविता मंचावर त्यानंच वाचायला लावली. त्याची बायको एका रात्री आमच्या दारात आली. ओठ फाटलेला. म्हणाली, "भाऊ, तुमी त्यांचं ऐकता, ते तुमचं ऐकतील. एकदा सांगा त्यांना. सभेत माणूस माणूस म्हंत्यात, मंग मी कोण हाय?"

मी काय म्हणालो ते लिहायला हात जड होतो. म्हणालो, "वहिनी, निवडणूक तोंडावर आहे. आता हे बाहेर गेलं तर वरच्या आळीचे लोक हसतील. म्हणतील, बघा यांचे पुढारी. झाकली मूठ सव्वालाखाची. थोडं थांबा." आईनं तिला चहा दिला. ती चहा न पिता गेली. पंधरा दिवसांनी कुणी मला विचारलं, अमक्याच्या घरात काही आहे का? मी म्हणालो, छे, काही नाही.

अमेरिकेच्या सरकारनं रोबसनला जे सांगितलं तेच रोबसननं मनातल्या मनात फेफरला सांगितलं, आणि तेच मी वहिनीला सांगितलं. तीन माणसं, एक वाक्य. एवढं कळल्यावर मला झोप कशी लागावी?

*

गप्प बसण्याची बाजू मी हलकी करणार नाही. ती मजबूत आहे. रोबसनला विचारणारे कोण होते? ज्यांनी त्याच्या लोकांना झाडाला लटकावलं ते. त्यांना फेफरचं काडीचं प्रेम नव्हतं. फेफरचं मढं त्यांना काळ्यांच्या चळवळीच्या डोक्यात हाणायला पाहिजे होतं. आणि रशिया हा त्याच्या मते जगात असा देश होता जिथं तो पहिल्यांदा माणूस म्हणून ताठ चालला. ज्यानं पाणी पाजलं त्याच्या विहिरीला नाव कसं ठेवायचं? शिवाय रोबसनच्या गप्प बसण्याला कुणी पैसा दिला नाही, उलट त्यात त्याचं सगळं गेलं. माझ्या गप्प बसण्यानं माझी मंचावरची खुर्ची पक्की झाली. तेव्हा त्याला जोखायचा मला हक्क नाही. पण प्रश्न जोखायचा हक्क आहे.

पहिली गोष्ट. झाकली मूठ सव्वालाखाची असते, खरंय. पण मुठीच्या आत कोण चिरडतंय ते बघा. झाकण्याचा फायदा मूठवाल्याला आणि किंमत आतल्याला. ज्याला किंमत मोजावी लागते त्याला न विचारता केलेला त्याग म्हणजे त्याग नव्हे, बळी. प्राउड व्हॅलीतला काळा स्वतः मरायला गेला. फेफरला कुणी विचारलं नव्हतं. वहिनीला मी विचारलं नव्हतं.

दुसरी. विचारणारा दुष्ट आहे म्हणून उत्तर खोटं होत नाही. शत्रूनं उचललं म्हणून सत्य शत्रूच्या मालकीचं होत नाही. उलट आपण ते रस्त्यावर टाकून देतो म्हणूनच त्याला उचलायला सापडतं.

तिसरी. आतल्या टीकेनं चळवळ मरते म्हणतात. रोबसनचंच बघा. १९३५ साली गार्वीनं ‘आपलाच माणूस आहे, गोरे हसतील’ असा विचार केला असता, तर रोबसन साहेबाची आरती गात बसला असता. आपल्या माणसानं जाहीर कान पिळला म्हणून तो बोसांबोतून बाहेर आला. जी दवा त्याला लागू पडली ती त्यानं रशियाला दिली नाही. बाबासाहेब रशियाच्या क्रांतीला तुच्छ मानत नव्हते. पण १९५६ सालीच, काठमांडूच्या व्यासपीठावरून बुद्ध आणि मार्क्स यांना तोलताना, त्यांनी साध्याइतकंच साधनाला जोखलं. एक मोलाची गोष्ट मिळवताना दुसऱ्या किती मोलाच्या गोष्टी मोडल्या याचा हिशोब मागायला ते कचरले नाहीत. दोस्ताचाही हिशोब मागायचा असतो.

चौथी गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली. गप्प बसणं आणि खोटी साक्ष देणं यात फरक आहे. प्रत्येक सत्य प्रत्येक चव्हाट्यावर प्रत्येक वेळी बोललंच पाहिजे असं मी म्हणत नाही. शत्रूच्या कोर्टात आपल्या माणसाबद्दल तोंड मिटून घेता येतं. रोबसन १९५६ साली समितीला "तुमच्याशी बोलणार नाही" म्हणाला, ते मी समजू शकतो. पण १९४९ साली "कानावर आलं नाही" म्हणाला, तिथं तो तोल गेला. मॉस्कोत जीव धोक्यात घालून ज्याचं नाव घेतलं त्यालाच न्यूयॉर्कात पुसून टाकलं. पंचशीलातलं चौथं शील आपण दर सभेत म्हणतो. ते म्हणताना आता माझी जीभ अडखळते, कारण माझं "छे, काही नाही" त्याच जिभेनं म्हटलेलं आहे.

आणि हे पण खरं की गप्प बसायचंच असेल तर त्याची मुदत असते. तेवढ्या मुदतीत आत काहीतरी करायचं असतं. आत काहीच न करता बाहेर गप्प बसणं ही भूमिका घेणं नव्हे, करणं आहे. रंग लावून.

*

रोबसनच्या शेवटच्या वर्षांबद्दल थोडंच लिहितो. १९६१ साली मॉस्कोत त्यानं मनगटाच्या शिरा कापून घेतल्या. वाचला. लंडनच्या इस्पितळात विजेचे झटके दिले. नंतर अमेरिकेला परतला, गाणं थांबलं, माणसांत येणं थांबलं. २३ जानेवारी १९७६ रोजी फिलाडेल्फियात वारला. ज्या सरकारनं पासपोर्ट काढून घेतला त्यानंच २००४ साली त्याच्या चित्राचं पोस्टाचं तिकीट काढलं. मेलेला माणूस तिकिटावर छान दिसतो, बोलत नाही.

तो मनानं का मोडला याची कारणं डॉक्टर सांगतील, छळ तर होताच. पण मी कामगार माणूस, मला एवढं कळतं की सुतात आत गाठ राहिली की ते तिथंच तुटतं. ती गाठ एकट्या फेफरची होती असं मी म्हणत नाही. नव्हती असंही मला म्हणवत नाही.

म्हणून रोबसन लहान होत नाही. त्याची तसबीर माझ्या भिंतीवर आहे, राहील. पण तसबिरीला हार घालून आपण सुटणार नाही. थोर माणसाची चूक झाकणं म्हणजे त्याला पुन्हा भूमिका करायला लावणं.

गेल्या महिन्यात संघटनेच्या बैठकीत मी उठून बोललो. नाव घेऊन बोललो, तो समोर बसलेला असताना. म्हणालो, मी वहिनीला गप्प बसवलं आणि विचारलं तेव्हा खोटं बोललो, पहिला दोष माझा. मग त्याचा. कुणीतरी ओरडलं, "निवडणूक झाल्यावर बोल!" कुणीतरी म्हणालं, याला कुणी पैसे दिले बघा. टाळ्या एकानंही वाजवल्या नाहीत. मंचावरची खुर्ची गेली, बरं झालं. जुने दोन दोस्त समोरून आले की रस्ता बदलतात.

वहिनी भेटली तेव्हा मला वाटलं, काही बोलेल. तिनं फक्त बघितलं आणि म्हणाली, "लई उशीर केला भाऊ."

केला. पुढच्या बैठकीला तिनं स्वतः यावं आणि मी खाली बसून ऐकावं, असं मी तिला सांगून आलोय. यायचं की नाही ते तीच ठरवेल.

जयभीम.